टिनाखालचा जॅझ: दोष कुठला आणि सूर कुठला

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत राहून आलेल्या मामांच्या पस्तीसेक जॅझ एलपी आणि तिथलाच बेल्टवर चालणारा टर्नटेबल घरात आला आहे. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून तो सुरू केला, पण सगळ्याच रेकॉर्डी संथ आणि जड आवाजात वाजतात, पेटीशी एकही जुळत नाही. उन्हाळ्यात कडकड येते, पावसाळ्यात पांढरे ठिपके धरतात. आणि हे संगीत ऐकायचं कसं, कारण वाजवणारा चुकतोय की यंत्र बिघडलंय, हेच अर्ध्या वेळा कळत नाही.

या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. जॅझच्या रेकॉर्डीत जे कानाला खटकतं ते चार ठिकाणांहून येतं: यंत्रातून, विजेतून आणि हवेतून, तबकडीतून, किंवा वाजवणाऱ्याच्या इच्छेतून. पहिली तीन ठिकाणं एकेक करून निस्तरली की चौथं आपोआप ऐकू यायला लागतं. म्हणून क्रम हाच ठेवा आणि पहिले पंधरा दिवस संगीत आवडतंय की नाही याचा निकाल देऊ नका.

संथ वाजण्याचं कारण व्होल्टेज नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५० ची. जुन्या बेल्टच्या टर्नटेबलांत बहुधा एसी सिंक्रोनस मोटर असते, तिचा वेग विजेच्या हर्ट्झवर ठरतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. त्यामुळे ३३⅓ फेऱ्यांऐवजी २७.८ फेऱ्या होतात आणि सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्तच खाली जातो. पांढरी दोनमधली चीज पांढरी सातमध्ये ऐकू येते. घड्याळ लावूनही हे तपासता येतं: ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डीतली ‘सो व्हॉट’ ही रचना साधारण सव्वानऊ-साडेनऊ मिनिटांची आहे, ती सव्वाअकरा मिनिटं चालली तर दुसरं कारण शोधू नका.

उपाय मोटरच्या पुलीत आहे. ५० हर्ट्झची पुली कंपनीची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर तालुक्याच्या गावचा चांगला लेथवाला पितळेत करून देतो, पण माप त्याच्या अंदाजावर सोडू नका. नुसता व्यास १.२ पट करून चालत नाही, बेल्टची जाडी हिशेबात धरावी लागते. समजा जुनी पुली बेल्ट फिरतो तिथे १०.०० मिमी आहे आणि बेल्ट ०.६ मिमी जाड आहे. दोन्ही मिळवून १०.६, त्याचे १.२ पट १२.७२, त्यातून बेल्ट वजा केला की १२.१२ मिमी. सरळ १२ ची पुली केली तर वेग एक टक्का कमी पडतो, आणि एक टक्का म्हणजे पट्टीचा जवळपास सहावा हिस्सा. तयार कानाला तो खुपतो. पुली घडवताना मधोमध किंचित फुगीर ठेवायला सांगा, म्हणजे बेल्ट घसरत नाही. भोक एका बाजूला गेलं तर प्रत्येक फेरीला सूर डोलतो. लांबलेल्या पियानोच्या स्वरात हे सगळ्यात आधी पकडता येतं, कारण पियानोचा स्वर कधी हलत नाही. सॅक्सोफोनवरून वेग तपासू नका, तिथे आंदोलन वाजवणाऱ्याचंच असतं.

६० हर्ट्झची मोटर ५० वर चालवताना ११० ऐवजी १०० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावा, नाहीतर ती तापते. मोटरला जोडलेला कपॅसिटर ६० साठी निवडलेला असतो. थरथर वाढली तर तो ५० हर्ट्झला साजेसा बदलून घ्यावा लागतो. टर्नटेबल डीसी मोटरचा किंवा क्वार्ट्झवाला असेल तर यातलं काहीच नको, व्होल्टेज जुळलं की काम झालं.

वेग मोजायच्या रेघांच्या चकतीतही (योग्य वेगाला तिच्या रेघा स्थिर दिसतात) हाच सापळा आहे. अमेरिकी चकतीवर ३३⅓ साठी २१६ रेघा असतात, आपल्याला १८० रेघांची लागते. २१६ ची चकती आपल्या ट्यूबलाइटखाली नेमकी २७.८ फेऱ्यांवरच स्थिर दिसते, म्हणजे संथ चालणाऱ्या यंत्राला ती ‘बरोबर’ म्हणते. चकती चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा टेस्टरमधल्या निऑन दिव्याखाली बघा. बऱ्याच एलईडी बल्बांत रेघा दिसतच नाहीत, आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्यावर विश्वास नको, कारण त्याचे हर्ट्झ ५० च असतील याची हमी नसते.

आता वीज. गावठाण फिडरवर संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मोटर ते निभावून नेते, ॲम्प्लिफायरचा आवाज मात्र दबतो. चांगला स्टॅबिलायझर पुरे. इन्व्हर्टरवर वाजवायचं असेल तर तो साइन वेव्हचाच हवा; स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि ती गुणगुण स्पीकरपर्यंत येते. सतत ‘घूं’ येत असेल तर टर्नटेबलमागची बारीक वायर प्रीॲम्पच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट आहे का ते आधी बघा. घट्ट असूनही येत असेल तर घराच्या अर्थिंगकडे वळा. जुन्या वायरिंगमध्ये तीन पिनच्या सॉकेटचं वरचं भोक नुसतं नावाला असतं. शिवाय आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा पाइप सोडून मागे सरते, म्हणून दिवाळीत नसलेली घूं उन्हाळ्यात सुरू होते. कोळसा-मिठाच्या खड्ड्यात आठ-दहा दिवसांनी बादलीभर पाणी ओतत जा. न्यूट्रलला अर्थ जोडून ‘जुगाड’ करणारा कोणी भेटला तर त्याला थांबवा, त्यात जीव जातो.

सुईकडे येऊ. टोनआर्मवर, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीवर, कोणतं कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) आहे ते वाचा आणि त्याच्या वजनाची शिफारस पाळा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला २.० ग्रॅम, चालण्याची कक्षा १.८ ते २.२. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या आणि रेकॉर्डच्या उंचीलाच सुई टेकवून मोजा. कमी वजन सुरक्षित, ही समजूत चुकीची आहे. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उडत-आपटत जाते आणि खाचेच्या भिंती फोडते. वजनाने झिजते त्याहून जास्त रेकॉर्ड अशी खराब होते. सुईचे कोन जुळवायला छापील प्रोट्रॅक्टर लागतो, नेहमीच्या मांडणीत त्याचे दोन बिंदू मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिमीवर असतात. सेतू केंद्रात छापून घेताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करायला सांगा आणि पट्टीने माप ताडून बघा, नाहीतर सगळी मेहनत दोन-तीन मिमीने चुकते.

कार्ट्रिजच्या मागच्या चार वायरी कोणी उलटसुलट केल्या असतील तर तेही आत्ताच बघा. पांढरी आणि निळी डाव्या बाजूची, लाल आणि हिरवी उजव्या बाजूची. कानाने खात्री करायची तर ‘काइंड ऑफ ब्लू’ची स्टीरिओ प्रत लावा: ‘सो व्हॉट’मध्ये माइल्स डेव्हिसनंतर येणारा जॉन कोल्ट्रेनचा जाडसर टेनर सॅक्सोफोन डावीकडून आणि त्यानंतरचा कॅननबॉल ॲडर्लीचा पातळ, गोड ऑल्टो सॅक्सोफोन उजवीकडून यायला हवा. एक वायर उलट्या खांबाला लागली असेल तर बासचा आवाज पोकळ होतो आणि ट्रंपेट खोलीत कुठे उभा आहे ते सापडत नाही.

एलिप्टिकल (लंबगोल टोकाच्या) सुईचं आयुष्य साधारण ३०० तास धरतात. एका बाजूला वीस मिनिटं, म्हणजे सुमारे ९०० बाजू. मामांनी किती वाजवल्या हे माहीत नसल्यामुळे सुई बदलूनच सुरुवात करा. पस्तीस रेकॉर्डींच्या मानाने तो खर्च काहीच नाही.

सुई नवी असूनही प्रत्येक बाजूच्या शेवटी आवाज थोडा भरडतो. एलपीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते, आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढ्याच संगीताला जागा अर्ध्याहून कमी मिळते. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या दोन्ही बाजूंच्या शेवटी ‘ब्लू इन ग्रीन’ आणि ‘फ्लॅमेंको स्केचेस’ अशा संथ, शांत रचना असल्याने तिथे हा भरडा कमी जाणवतो. शेवटी जोरकस वाद्यमेळ असलेल्या रेकॉर्डींत तो लपत नाही. भरडा फक्त शेवटच्या इंचात असेल तर कोन तपासा. कापसाच्या हंगामात आधी सुईचं टोक बघा: जिनिंगच्या आसपासच्या गावांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवेत कापसाचे तंतू असतात, ते खाचेतून गोळा होत सुईवर बोंड धरतं आणि पहिल्या गाण्यात स्वच्छ असलेला आवाज तिसऱ्यात घोगरा होतो. मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने झाडा. बोटाने कधीही नाही.

हवेचं म्हणाल तर विदर्भात रेकॉर्डीला दोन शत्रू आहेत आणि ते आळीपाळीने येतात. मे महिन्यात ४५-४६ अंश आणि कोरडी हवा, जुलैपासून दमट. एलपी पीव्हीसीची असते, ती ६० अंशांच्या आसपास चांगलीच मऊ पडते. तिरकी टेकून ठेवली असेल तर त्याहून कमी तापमानालाही हळूहळू वाकते. टिनाच्या खोलीत, माळ्यावर किंवा बंद गाडीत दुपारी तेवढं तापतं. म्हणून जागा घराच्या पोटात, तळमजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर. मातीच्या भिंतींचं, धाब्याचं जुनं माजघर असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा सिमेंटच्या नव्या घरात सापडणार नाही. फक्त वाळवीपासून जपा: कपाट जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि महिन्यातून एकदा मागे टॉर्च मारून बघायचं.

रेकॉर्डी उभ्याच ठेवायच्या, एकमेकींवर आडव्या कधीच नाही. आतून ३३ सेंटिमीटर उंचीचा खण पुरतो. एक फूट भरलेल्या एलपींचं वजन १६ ते १८ किलो होतं, तेव्हा पुढे संग्रह वाढवायचा असेल तर सागवानी फळी आणि फुटाफुटावर उभी पट्टी हवी. तुमच्या पस्तीस रेकॉर्डी जेमतेम अर्धा फूट जागा घेतील. उरलेली जागा मोकळी ठेवली तर त्या कलंडतील, म्हणून बाजूला जड पुस्तकं लावा. जाड, चिकट पीव्हीसीची बाहेरची पाकिटं उष्णतेत तबकडीला धुरकट डाग देतात, ती काढून टाका. आत पॉलिथिनचं मऊ अस्तर आणि बाहेर पॉलिप्रॉपिलीन ठेवा. कपाटात डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लास्टिकवर बसते.

उन्हाळ्यातली कडकड ही बरीचशी स्थिर विजेची असते. पाकिटातून रेकॉर्ड काढताना हातावरचे केस उभे राहिले तर तेच कारण. कूलर चालू असताना ती कमी होते, पण कूलरचा झोत रेकॉर्डीवर येऊ देऊ नका. बोअरच्या पाण्यातले क्षार बारीक तुषारांबरोबर येऊन बसतात. कूलर बाहेरच्या खोलीत लावा आणि दार अर्धं उघडं ठेवा. वाजवण्याआधी कार्बन फायबरचा ब्रश फिरत्या रेकॉर्डीवर दोन-तीन फेऱ्या नुसता टेकवा, दाबू नका. ऐकायची वेळ पहाटेची ठेवा. पाच ते सात या वेळात पंखाही लागत नाही, आणि ‘ब्लू इन ग्रीन’सारखी चीज पंख्याच्या घरघरीत ऐकण्यात काही अर्थ नाही.

पांढरे ठिपके बुरशीचे. धुण्याचं मिश्रण असं: एक लिटर डिस्टिल्ड पाणी, १५० मिलि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. पाणी ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या दुकानात मिळतं, पण तिथेच शेजारी बॅटरीचं ॲसिडही असतं. लेबल वाचल्याशिवाय कॅन उचलू नका. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरलं तर वाळल्यावर क्षार खाचेत उरतात आणि ती खरखर पुन्हा निघत नाही. लेबलवर प्लास्टिकची झाकणी धरून मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने गोल फिरवा, आडवं घासू नका. दोन मिनिटं थांबून नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा खळखळून धुवा आणि सावलीत उभी वाळवा. हे दुसरं धुणं बहुतेक जण टाळतात, मग साबणाचा थर सुईवर चढतो आणि रेकॉर्ड धुतल्यावर आवाज बिघडला अशी तक्रार येते. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचा थेंबही लावू नका, लाख विरघळते. त्यांना सुईही वेगळी लागते, सुमारे ७५ मायक्रॉनची. एलपीची सुई १८ ते २५ मायक्रॉनची असते, ती तिथे खाचेच्या तळाशी घरंगळत जाते आणि तळातला कचराच वाजवते.

नव्या रेकॉर्डी मागवायच्या तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या पत्र्याच्या गाडीत दोन दिवस तापलेली रेकॉर्ड बशीसारखी होऊन येते. विकणाऱ्याला सांगून तबकडी जॅकेटच्या बाहेर, आतल्या पाकिटात ठेवून पाठवायला लावा, म्हणजे हादऱ्याने जॅकेटची शिवण फाटत नाही.

इतकं झाल्यावर आता कान.

पहिला धक्का ‘काइंड ऑफ ब्लू’च देईल. यंत्राचा वेग चकतीवर तंतोतंत जुळवला, तरी तिची पहिली बाजू चढी लागेल, ‘सो व्हॉट’ पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी. हा दोष तुमच्याकडचा नाही. २ मार्च १९५९ रोजी कोलंबियाच्या न्यूयॉर्कमधल्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना ध्वनिमुद्रित झाल्या, तेव्हा मुख्य टेप यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती ठीक आहे. १९९२ च्या पुनर्मुद्रणापासून हे दुरुस्त झालं, त्याआधीच्या प्रतींत ते कायम आहे. याचा तुम्हाला फायदाच आहे: जुन्या प्रतीची पहिली बाजू चढी आणि दुसरी जुळती असेल तर यंत्र बरोबर, दोन्ही चढ्या असतील तर पुली परत लेथवर न्यावी लागेल. सूर बघायला मोबाइलमधला ट्यूनर वापरा, पेट्या सगळ्या एका पट्टीच्या नसतात.

आता पेटी पुढ्यात घ्या. गावात भजनी मंडळ आहे म्हणजे पेटी आहे, आणि जॅझ समजून घ्यायला तिच्याहून सोपं साधन नाही. पांढरी दोनला सा धरून फक्त पांढऱ्या पट्ट्या वर वाजवत जा. गांधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध: काफी थाट. ‘सो व्हॉट’चा पाया हाच आहे. सोळा मात्राखंड या काफीत, पुढचे आठ सगळं एका पट्टीने वर सरकून काळी दोनमधल्या काफीत, आणि शेवटचे आठ परत पांढरी दोनमध्ये. खंड चार मात्रांचा, म्हणजे ३२ खंडांचं, १२८ मात्रांचं एक आवर्तन. बोटांच्या पेरांवर मोजा. सुरुवातीच्या संथ पियानो-बासनंतर पॉल चेंबर्सचा डबल बास ओळ म्हणतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात, बुवांच्या ओळीवर टाळकऱ्यांनी झील धरावी तसं. मग माइल्सची दोन आवर्तनं, कोल्ट्रेनची दोन, ॲडर्लीची दोन, पियानोवर बिल एव्हान्सचं एक. पट्टी वर सरकते तो क्षण तीन-चार ऐकण्यांत तुम्हाला न मोजता कळायला लागेल. तो कळला की रेकॉर्ड उघडली असं समजा. एकाच आवर्तनावर एक माणूस थोडकं बोलतो, दुसरा धबधब्यासारखं, तिसरा हसत. ही तुलना तिथून पुढे सुरू होते.

दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला सा धरून ऐका. पुन्हा पांढऱ्या पट्ट्याच, आता खमाज थाट आणि सहा मात्रांचा झोका. हे बारा खंडांचं ब्लूज (जॅझच्या मुळाशी असलेली आफ्रिकी-अमेरिकी गाण्याची घडण) आहे. ब्लूजचं हे बारा खंडांचं चक्र जॅझमध्ये जागोजागी भेटतं, म्हणून ते हाडात मुरवून घ्या. ब्लूजचा गांधार मात्र पेटीवर सापडणार नाही: तो शुद्ध आणि कोमलच्या मध्ये डोलतो, सारंगीवर मिळतो, पेटीवर नाही. ट्रंपेटवाला तिथे ‘बेसूर’ वाटला तर पेटीला दोष द्या.

ताल ऐकताना एक अडचण सगळ्यांना येते. आपला हात समेवर पडतो. जॅझमध्ये ड्रमरच्या पायाखालची झांज बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. खंजेरीची सवय असलेल्या हाताला हे उलटं वाटतं. ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर आठवडाभर फक्त दोन आणि चारवर टाळी द्या, बाकी काही ऐकू नका. नंतर डेव्ह ब्रुबेकचं ‘टाइम आउट’ लावा, तेही १९५९ चंच. त्यातलं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं, तीन अधिक दोन. ‘ब्लू राँडो’ नऊ मात्रांचं, दोन-दोन-दोन-तीन. झपताल मोजू शकणाऱ्याला यात पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा कमी वेळ लागतो.

आणि आता दोषांसारखे दिसणारे, पण दोष नसलेले आवाज, ज्यांच्यामुळे लोक चांगल्या रेकॉर्डी उगाच धुतात. ‘ब्लू इन ग्रीन’मधली मागची ‘फस्स-फस्स’ धूळ नाही. जिमी कॉब तारांचे ब्रश ड्रमवर फिरवतोय. ती तालात येते, धूळ तालात येत नाही. त्याच रचनेत ट्रंपेट पत्र्यातून आल्यासारखा, थोडा झणझणीत लागतो: माइल्सने ट्रंपेटच्या कर्ण्यात हार्मन म्यूट (आवाज दाबणारं धातूचं बूच) बसवला आहे. लग्नाच्या बँडमधला उघडा ट्रंपेट ऐकलेल्या कानाला स्पीकर फाटल्यासारखं वाटतं. शंका आली तर ‘सो व्हॉट’ लावा, तिथे ट्रंपेट उघडा आहे. बेन वेब्स्टरच्या टेनरमध्ये स्वर संपल्यावरही हवा वाहत राहते, ती त्याची सही आहे. थेलोनियस मंक पियानोच्या दोन लगतच्या पट्ट्या एकदम दाबतो. ते बोट घसरणं नाही, त्या दोन्हींच्या मधला, पियानोत नसलेला स्वर तो मागतो आहे. बिल एव्हान्सच्या त्रयीने २५ जून १९६१ ला व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबमध्ये मुद्रित केलेल्या रेकॉर्डींत पेल्यांची किणकिण आणि बोलणं ऐकू येतं; ते तिथल्या श्रोत्यांचं आहे. कीथ जॅरेटच्या १९७५ च्या कोलोन मैफिलीत मधूनमधून कण्हल्यासारखा मानवी आवाज येतो, तो वाजवता वाजवता त्याच्याच गळ्यातून निघालेला आहे.

खूण साधी आहे. रेकॉर्डीवरचा ओरखडा १.८ सेकंदांनी परत येतो, कारण एका फेरीला तेवढाच वेळ लागतो. टक्, १.८ सेकंद, टक्. तसं नियमित असेल तर तबकडी. कुठेही, कसंही तडतडत असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. सुई उचलल्यावरही आवाज राहिला तर वीज. आणि तालाबरोबर किंवा श्वासाबरोबर येत असेल तर माणूस.

पस्तीसच्या पस्तीस एका महिन्यात संपवू नका. एका दिवशी एकच बाजू, पण दोनदा. पहिल्यांदा फक्त बासमागे जा, दुसऱ्यांदा जो बोलतोय त्याच्यामागे. सलग वाजवायचंच असेल तर एक जुनी ओळख वापरा: सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’तली (१९५१) गाणी आधी ऐका. चिक चॉकलेट हे मुंबईतले नावाजलेले जॅझ ट्रंपेटवादक त्यांचे सहायक होते, आणि त्या गाण्यांतला ट्रंपेट ऐकून लगेच जॅझच्या रेकॉर्डीकडे वळलं की परकेपणा बराच गळतो.

तुमच्या यादीत कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ आहे आणि त्याच्या घडीच्या जॅकेटला आतून बुरशी धरली आहे असं लिहिलं आहे. ते जॅकेट ओलं पुसू नका. कोरड्या दिवशी, सावलीत उघडून एक दिवस ठेवा, मग मऊ कोरड्या ब्रशने घराबाहेर झाडा, नाकाला रुमाल बांधून. उन्हात ठेवलंत तर बुरशी जाईल, पण छपाई उडेल, आणि ती छपाई लागणार आहे. ९ डिसेंबर १९६४ ला मुद्रित झालेल्या या रेकॉर्डीचा चौथा भाग ‘साम’ (इंग्रजी Psalm, स्तोत्र) म्हणजे आत छापलेली कोल्ट्रेनची प्रार्थना आहे, सॅक्सोफोनवर अक्षर अक्षर म्हटलेली. त्याआधीचं सगळं ऐकून झालेलं असावं: पहिल्या भागात जिमी गॅरिसनचा बास चार स्वरांचा नामघोष धरतो आणि कोल्ट्रेन तोच घोष बाराही पट्ट्यांतून फिरवतो. दुसरी बाजू लावा, तिसरा भाग वेगात निघून जाऊ द्या, शेवटी बास एकटा उरतो. मग एल्व्हिन जोन्सचे मोठे नगारे घुमायला लागले की जॅकेट मांडीवर उघडा आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवा. ओळीच्या शेवटी तो थांबतो, तिथे तुम्हीही थांबा.